‘आंतरखंडीय’ : आपल्या बांधावरचा शब्द



परवा संध्याकाळी पारावर बसलो होतो. सोयाबीनला पाऊस हवा होता आणि आभाळ कोरडे पडले होते. त्यामुळे बोलणे फिरून फिरून पावसावरच येत होते. शेजारी सातवीतला एक मुलगा मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होता. वाचता वाचता तो अडखळला. ‘अग्नी’ क्षेपणास्त्राची बातमी होती आणि तीत ‘आंतरखंडीय पल्ला’ असे शब्द होते.

“आबा, आंतरखंडीय म्हंजी काय?” त्याने आजोबांना विचारले.

आजोबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, “खंड म्हनल्यावर पावसाचा खंड की रं. आन् आंतर म्हंजी आंतरपीक. आता दोन्ही मिळून काय झालं त्ये तुज्या गुरुजीला इचार.”

पारावरची मंडळी हसली. मुलगाही हसला, कारण भूगोलाच्या पुस्तकातला अर्थ त्याला अर्धामुर्धा आठवत होता. आम्हांला मात्र वाटले, की आजोबांचे हसण्यासारखे काही चुकले नाही. त्यांनी तो शब्द बरोबर सांध्यावर मोडला आणि दोन्ही तुकडे शेतात शोधले. म्हणून आज ह्या एका शब्दाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे मनात आले. शब्द मोठा आहे, शहरी आहे, पण त्याचा आपल्या घराशी, पिकाशी आणि मोंढ्यातल्या भावाशी जवळचा संबंध आहे.

खंड म्हणजे तुकडा

‘खंड’ हा मूळचा संस्कृत शब्द. तोडलेला भाग, तुकडा, असा त्याचा अर्थ. चालू पाऊस मध्येच तुटला की आपण म्हणतो, खंड पडला. वीणा खाली न ठेवता सात दिवस भजन चालते, त्यात तुटणे नसते, म्हणून तो अखंड हरिनाम सप्ताह. मोठ्या ग्रंथाचे भाग पाडले की पहिला खंड, दुसरा खंड. औद्योगिक वसाहतीत जमिनीचा तुकडा मोजून दिला की तो भूखंड. स्वतःला कसणे होत नसले की आपण ठरीव रकमेवर जमीन खंडाने देतो. जुने लोक धान्य खंडीने मोजत. वीस मणांची एक खंडी. कापसाच्या व्यापारात आजही रुईचा भाव खंडीवर निघतो आणि ती खंडी ३५६ किलोंची धरतात.

नांदेडकरांना तर हा शब्द रोज कानी पडतो. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडला देह ठेवला. त्या जागी उभा असलेला गुरुद्वारा म्हणजे तख्त सचखंड श्री हजूर साहिब. शीख धर्मात साधकाच्या वाटचालीचे पाच खंड सांगितले आहेत आणि त्यांतला शेवटचा सचखंड, म्हणजे सत्याचा प्रदेश. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या गाडीचे नाव सचखंड एक्स्प्रेस त्यावरूनच पडले. तिच्यात बसून आलेल्या भाविकांत कॅनडा आणि इंग्लंडहून आलेली माणसेही असतात. गाडी स्वतः आशिया सोडत नाही, पण तिच्यातली कित्येक माणसे मात्र खंड ओलांडून आलेली असतात.

आणखी एक गंमत ऐका. उसाच्या रसापासून केलेल्या साखरेच्या खड्यांनाही संस्कृतात खंड म्हणत. खांड आणि खांडसरी हे शब्द त्याच घराण्यातले. हा शब्द व्यापाऱ्यांबरोबर इराणात गेला आणि ‘कंद’ झाला, तिथून अरबांकडे गेला, पुढे युरोपात पोचला आणि इंग्रजीत त्याची ‘कँडी’ झाली, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. आज किराणा दुकानात पोरगा काडीवरची कँडी मागतो, तेव्हा तो आपल्याच उसाच्या खंडाला परदेशी नावाने हाक मारीत असतो. म्हणजे ‘खंड’ हा शब्दच खंड ओलांडून गेला आणि नाव बदलून परत आला.

पृथ्वीवरच्या जमिनीचे जे मोठाले तुकडे, त्यांनाही आपण खंडच म्हणतो. पूजेच्या संकल्पात गुरुजी ‘भरतखंड’ म्हणतात, तेव्हा तो आपल्या देशापुरता असतो. भूगोलात मात्र सात खंड मानतात : आशिया, आफ्रिका, युरोप, उत्तर अमेरिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका. बहुतेकांच्या मध्ये समुद्र आहे. पण आशिया आणि युरोप ह्यांच्या मध्ये बराचसा समुद्र नाहीच. रशियातल्या उरल पर्वताला बांध मानून अलीकडचा आशिया, पलीकडचा युरोप असे ठरवले आहे. तुर्कस्तानातले इस्तंबूल शहर तर अर्धे आशियात आणि अर्धे युरोपात आहे. मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी आहे आणि तिच्यावरचा पहिला पूल १९७३ साली खुला झाला. एका काठावर राहून दुसऱ्या काठावर नोकरीला जाणारा तिथला माणूस रोज सकाळी खंड ओलांडतो. आपण ओढा ओलांडून वावरात जातो, तसे!

‘आंतर’ पुढे आणि ‘अंतर’ मागे

आता शब्दाचा दुसरा तुकडा. ‘आंतर’ शब्दाच्या पुढे जोडला की ‘दोहोंच्या मधले’ असा अर्थ होतो. तुरीच्या दोन ओळींमध्ये सोयाबीन घेतले की ते आंतरपीक. ओळींमधून कोळपे फिरवले की ती आंतरमशागत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात मास्तरांची बदली झाली की ती आंतरजिल्हा बदली. तसेच एका खंडाचा दुसऱ्या खंडाशी जो व्यवहार, ते आंतरखंडीय.

तोच शब्द मागे लागला की अर्थ फिरतो. देशांतर म्हणजे दुसरा देश, वेषांतर म्हणजे दुसरा वेष, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. मराठवाड्याला ‘नामांतर’ शब्द समजावून सांगायला नको. ऊसतोडीला बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यावर जाणारी आपली माणसे स्थलांतर करतात. त्याच चालीवर एक खंड सोडून दुसऱ्या खंडात जाणे म्हणजे खंडांतर. थोडक्यात, आंतरखंडीय म्हटले की दोन खंडांमधला संबंध समजावा आणि खंडांतर म्हटले की कोणीतरी जागा सोडली असे समजावे.

ह्यात एक घोटाळा नेहमी होतो. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत. एकाचा अर्थ दोन खंडांमधले, आणि दुसऱ्याचा मुख्य अर्थ एकाच खंडाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार. मराठीत पुष्कळदा दोन्हींना ‘आंतरखंडीय’ म्हणून मोकळे होतात. अमेरिकेत १८६९ साली पूर्वेकडचे लोहमार्ग पश्चिम किनाऱ्याकडच्या मार्गाला जोडले गेले. ती रेल्वे एकाच खंडाच्या आरपार जाते; तिला खंडपार म्हणावे. मॉस्कोहून व्लादिवोस्तोकला जाणारी ९,२८९ किलोमीटरची रशियन रेल्वे मात्र युरोपात सुटते आणि आशियाच्या टोकाला थांबते. तिला आंतरखंडीयही म्हणता येईल. आणि त्या मुलाने वाचलेल्या बातमीतले क्षेपणास्त्र? साधारणपणे ५,५०० किलोमीटरांच्या पुढे मारा करणाऱ्याला आंतरखंडीय म्हणण्याची जगात रीत आहे. ‘अग्नी-५’ची पहिली चाचणी १९ एप्रिल २०१२ रोजी झाली. त्याचा पल्ला ५,००० किलोमीटरांहून अधिक असल्याचे जाहीर झालेले आहे, म्हणून बातम्यांतून हा शब्द येतो.

आपल्या वाडवडिलांना हा शब्द ठाऊक नव्हता. ते ‘सातासमुद्रापार’ म्हणत. शास्त्री-पंडित ‘समुद्रोल्लंघन’ म्हणत, आणि त्या शब्दाला पापाचा वास होता. परत आलेल्याला प्रायश्चित्त सांगत. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना केवढा विरोध सोसावा लागला! १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. आता त्याच प्रवासाला निघालेल्या लेकीला आपण औक्षण करून निरोप देतो. शब्द बदलला, कारण मन बदलले.

ज्याने आधी खंडांतर केले ती जमीन

आपण म्हणाल, हे सारे दूरचे झाले. तर आता पायाखाली पाहू या.

आपली काळी रान, जिच्यात ओल धरून राहते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ती ज्वालामुखीच्या काळ्या कातळापासून झाली आहे. हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर असा पसरला. त्या वेळी ही जमीन आज आहे तिथे नव्हती. पृथ्वीच्या दक्षिण भागात आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि भारत ही सारी मिळून पूर्वी एकच महाखंड होते. ते फुटले. आपला तुकडा समुद्रातून उत्तरेकडे सरकत निघाला, वाटेत हा लाव्हा अंगावर घेतला आणि अखेर आशियाला येऊन भिडला. त्या टकरीतून हिमालय उभा राहिला. भूगोलात ह्या सरकण्याला खंडवहन म्हणतात.

त्या महाखंडाचे नाव काय माहीत आहे? गोंडवन. एडुआर्ड झ्यूस नावाच्या युरोपातल्या भूशास्त्रज्ञाने १८८५ साली ते रूढ केले आणि ते घेतले आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून. आपल्या नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूरकडच्या डोंगरात गोंड बांधवांची वस्ती आहे. जगभरची पोरे शाळेत ज्या महाखंडाचे नाव घोकतात, त्यावर आपल्या शेजाऱ्यांचे नाव कोरलेले आहे.

पण ही नुसती अभिमानाची गोष्ट नाही. आपला भूभाग अजूनही वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो आहे आणि उत्तरेला रेटा देतो आहे. त्या रेट्याचा ताण आतल्या जमिनीत साठतो. दख्खन म्हणजे घट्ट कातळ, इथे भूकंप कसला, असे पुष्कळांना वाटत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला, गणपती बोळवून थकलेली माणसे झोपेत असताना, किल्लारीची जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळजवळ दहा हजार माणसे गेली. खंडाच्या कडेपासून दूर, मधल्या स्थिर भागातही असा भूकंप होतो, ह्याचे उदाहरण म्हणून किल्लारीचे नाव आज जगभरच्या अभ्यासात घेतले जाते. मदतही अनेक देशांतून आली आणि पुनर्वसनाच्या मोठ्या कामाला जागतिक बँकेने कर्ज दिले. ज्यांनी त्या पहाटे आपली माणसे ढिगाऱ्यातून काढली, त्यांना हे वाचून काय वाटेल हे आम्ही जाणतो. पण कारण समजले की एक गोष्ट हाती राहते : भूकंप थांबवता येत नाही, घर मात्र बळकट बांधता येते.

उपवासाच्या ताटातली अमेरिका

जमिनीनंतर तिच्यावर उगवणारे पाहू. मायबहिणींनो, येत्या एकादशीला उपवासाचे ताट वाढताना जरा निरखून पाहा. साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट, बटाटा, हिरवी मिरची, शेजारी रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, भुईमूग, बटाटा, मिरची, रताळे आणि राजगिरा ही सारी मूळची अमेरिका खंडांतली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर पोर्तुगिजांच्या आणि इतरांच्या जहाजांतून ह्यांतले बरेच काही इकडे आले. ताटात आपली जुनी उरते ती भगर! देवाला मात्र ते ताट चालते. आपण ते इतके आपलेसे केले, की शेंगांना परदेशी नावही ठेवले नाही. जमिनीत लागणारा मूग तो भुईमूग, असे आपल्याच शब्दांत बारसे केले.

आणि भाकरी? ज्वारीचे मूळ आफ्रिकेत आहे. काही हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली, म्हणून आता तिला कोणी परकी म्हणणार नाही. चिंचही मूळची आफ्रिकेतली. पण अरबांनी तिला ‘तमर-ए-हिंद’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, असे नाव दिले आणि जगाने ती आपलीच मानली. उलट, बाहेरून आलेल्या झाडांना आपण ‘विलायती’ म्हणून टाकले. विलायती चिंच आणि विलायती बाभूळ, दोन्ही अमेरिकेकडची; इंग्लंडशी त्यांचा काही संबंध नाही. ‘विलायती’ म्हणजे फक्त ‘बाहेरून आलेले’, एवढाच त्या शब्दाचा अर्थ उरला होता.

कापसात हीच जोडी आहे. नांदेडची ओळख एके काळी ‘गावरानी’ ह्या देशी कापसाने होती. लांब धाग्याचा अमेरिकन कापूस त्याच्या शेजारी आला आणि पुढे नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राने अमेरिकन जातीच्या दोन वाणांचा संकर करून ‘नांदेड-४४’ दिला. पुष्कळ शेतकऱ्यांना तो अजून आठवत असेल. सूर्यफूल उत्तर अमेरिकेतले. तेलासाठी ते वाढवले रशियाने आणि तिथले वाण १९६९ साली भारतात आले. लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रात त्यावर काम झाले. म्हणजे आलेले पीक आपण नुसते पेरले नाही, त्याला आपल्या मातीची सवयही लावली.

पिकांबरोबर नको ते पाहुणेही आले. गाजरगवत १९५५ च्या सुमाराला पुण्याजवळ दिसले. परदेशी गव्हाबरोबर ते आले असे मानतात, आणि लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ नाव दिले. ते फस्त करणारे मेक्सिकन भुंगे १९८४ साली भारतात प्रथम सोडले. परभणीच्या कृषी विद्यापीठातूनही असे भुंगे मिळतात. तणही अमेरिकेचे आणि त्याचा वैरीही तिथलाच! मक्याची अमेरिकन लष्करी अळी २०१६ साली आफ्रिकेत पोचली आणि २०१८ साली कर्नाटकात सापडली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. तिच्या नावातच तिचे गाव आहे. नव्या किडीचे नाव ऐकले की ती कुठून आली हे विचारावे. मूळ गाव कळले की तिथे तिचा वैरी कोण, हे शोधणे सोपे जाते.

मोंढ्यातला भाव आणि खंडांचे पंचांग

आता सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट. सोयाबीन मूळचे चीनचे, म्हणजे आशियाचे. ते अमेरिकेत गेले, विसाव्या शतकात तिथे प्रचंड वाढले आणि १९६० नंतर जबलपूर आणि पंतनगरच्या विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या साह्याने त्याचे पिवळे वाण भारतात रुजवले. आशियातून निघून, अमेरिका पाहून, ते आशियात परतले. १९९० नंतर लातूर-नांदेडच्या काळ्या रानात त्याने ज्वारी, मूग, उडीद मागे सारले. आज लातूरचा मोंढा सोयाबीनच्या भावासाठी देशभर पाहिला जातो.

म्हणूनच आंतरखंडीय ह्या शब्दाची किंमत लातूरच्या शेतकऱ्याने रोख मोजली आहे. २०२१ च्या ऑगस्टात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. कोंबड्यांच्या खाद्याला पेंड परवडत नाही, अशी ओरड झाली आणि केंद्र सरकारने त्याच महिन्यात १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. पुढे नवा माल मोंढ्यात आला, त्यात ओल होती, आवक वाढली आणि भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला. सारे खापर एका आयातीवर फोडता येणार नाही. पण परदेशातली पेंड आणि आपल्या खळ्यावरचे पोते ह्यांच्यामध्ये किती थोडे अंतर आहे, हे त्या वर्षी दिसले. घरच्या तेलाचेही तसेच. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते : पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल युक्रेन-रशियाकडून. २०२२ साली युक्रेनात युद्ध पेटले आणि आपल्या चुलीवर तेलाची फोडणी महागली. आयात कर सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये वाढवला आणि मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचा कमी केला. असा कर हलला की तेलबियांचा बाजारही हलतो.

तुरीची कथा उलटी. तूर मूळची आपली. इथून ती फार पूर्वी आफ्रिकेत गेली. आता मोझांबिक, टांझानिया, मलावी इथली तूर जहाजाने इकडे येते. मोझांबिकशी तर सरकारने २०१६ साली त्यासाठी करार केला. ब्रह्मदेशाची लेमन तूरही येते. पण नीट पाहा, ब्रह्मदेश परदेश आहे, दुसरे खंड नाही. त्या व्यापाराला आंतरराष्ट्रीय म्हणावे, आंतरखंडीय नव्हे. मोझांबिकच्या तुरीला दोन्ही शब्द लागतात. म्हणजे एका पोत्यातून घरची लेक नांदायला जाऊन नातवंडे घेऊन माहेरी यावी, तशी ती येते. फक्त येते ती आपला भाव पाडायला!

बंधूंनो, आपण पेरणीला पंचांग पाहतो, तसे विक्रीला खंडांचे पंचांग पाहायला शिकले पाहिजे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे असतात. ब्राझीलचे सोयाबीन मुख्यतः आपल्या माघापासून चैत्रापर्यंत निघते आणि अर्जेंटिनाचे त्यामागून ज्येष्ठापर्यंत. उत्तर अमेरिकेचे मात्र आपल्याबरोबरच, दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघते. पूर्व आफ्रिकेची तूर पावसाळ्यात तिकडे काढतात आणि ती आपली तूर कापणीला येण्याच्या आधीच बंदरात लागते. एवढ्यावरून उद्याचा भाव कोणी सांगू शकणार नाही आणि सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. पण माल ठेवावा की विकावा, हे ठरवताना आपण पाच प्रश्न विचारतो, त्यांत सहावा प्रश्न घालावा : ह्या महिन्यात दुसऱ्या कोणत्या खंडात हेच पीक खळ्यावर आहे? हातात मोबाईल आलेल्या पोरापोरींना हे काम सांगावे. ते रोज पाच मिनिटांत शोधून देतील.

आजोबांचे उत्तर

त्या संध्याकाळी मुलाला आम्ही ह्यातले थोडेफार सांगितले. आजोबा ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, “म्हंजी माजं चुकलंच की. पावसाच्या खंडाचा काय संबंध न्हाई.”

तेव्हा त्यांना जे सांगितले, तेच इथे सांगून थांबतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा. पिके फुलोऱ्यात होती आणि पाऊस गेला तो महिनाभर परतला नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात तेवढा कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. त्या वर्षी दक्षिण अमेरिकेच्या पेरू देशाच्या किनाऱ्यापासून पसरलेला प्रशांत महासागराचा पट्टा नेहमीपेक्षा अधिक तापलेला होता. त्याला एल निनो म्हणतात. हे नाव पेरूकडच्या कोळ्यांनी दिलेले. नाताळाच्या सुमाराला पाणी तापते म्हणून ‘बाळ येशू’ ह्या अर्थाने ते पडले. एल निनो आला की दर वेळी आपला पाऊस हटतोच असे नाही. १९९७ साली तो जबरदस्त होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. पण पुष्कळदा तिकडचे तापलेले पाणी इकडचे ढग अडवते, हे शास्त्रज्ञांनी नोंदवलेले आहे.

म्हणजे दक्षिण अमेरिकेचा कोळी जे पाणी पाहून चिंता करतो, तेच पाणी आपल्या वावरात पावसाचा खंड पाडते. तेव्हा पावसाचा खंडही आंतरखंडीयच. आजोबांचे चुकले नव्हते.

आजोबा हसले. नातवाला म्हणाले, “सांग तुज्या गुरुजीला.” मग आभाळाकडे बघून ते उठले. गोठ्यात वैरण टाकायची वेळ झाली होती.